नऊ शिपाई आणि दसऱ्याची दुपार

पोलीस ठाण्यात मी सत्तावीस वर्षं काढली. त्यातलं पुष्कळ विसरले, पण दसऱ्याची ती एक दुपार काही विसरता येत नाही. मी अधिकारी नव्हते. झाडलोट, पाणी, चहा आणि कोठडीत बाई असली तर तिच्याजवळ बसणं, हे माझं काम. नावं कुणाची लिहीत नाही.

दसऱ्याला सकाळी ठाण्यात शस्त्रपूजा असते. बंदुका तेलाने पुसून सतरंजीवर मांडतात. झेंडू, हळदकुंकू मी आणून ठेवायची. त्या दिवशी पूजा झाली आणि सगळे शिवाजी पार्कच्या मेळाव्याच्या बंदोबस्ताला गेले. महिला शिपाई एकही उरली नाही. मागे राहिले सब-इन्स्पेक्टर साहेब, एक म्हातारे हवालदार, दारावरचा पहारेकरी आणि मी.

तीनच्या सुमारास त्याच मैदानाजवळ राहणारे एक आजोबा आले. निवृत्त इंजिनिअर. म्हणाले, "माझे नऊ शिपाई चोरीला गेले."

हवालदारांनी पेन थांबवलं. "शिपाई? आपले?"

"खेळण्यातले. जर्मनीत बनलेले."

लहानपणी ठाकूरद्वारच्या एका दुकानाच्या काचेत त्यांनी तसे शिपाई पाहिले होते, पण मिळाले नव्हते. मोठेपणी चाळीस वर्षं चोर बाजार धुंडाळून, परदेशात पत्रं पाठवून त्यांनी कपाटभर जमवले. लाकडाचा भुसा आणि सरस कालवून, आत तार घालून केलेले. "पाण्याचा थेंब लागला की संपले," ते म्हणाले. गेले ते नऊ गुडघ्यावर बसून बंदुकीचा नेम धरणारे होते. तशी पूर्ण रांग दुसऱ्या कुणाकडे नव्हती म्हणे.

"साहेब, नऊ फरारी," हवालदार म्हणाले. "वर्णन लिहू? उंची तीन इंच, सर्व सशस्त्र."

साहेब हसले नाहीत. "कपाटाला हात कोण लावतं?"

"कामवाली. अकरा वर्षं तीच पुसते."

बाईची झडती बाईनेच घ्यायची, म्हणून साहेबांनी हवालदारांबरोबर मलाही घेतलं. नियमात बसत नव्हतं, त्या दिवशी बसवलं.

घरात आजोबांच्या पत्नी टेबलाशी आपट्याची पानं निवडत होत्या. सगळे त्यांना काकू म्हणत. साहेबांच्या हातात पान देऊन म्हणाल्या, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." साहेब ते पान हातात धरूनच चौकशी करू लागले.

कामवाली लालबागच्या चाळीतली, मूळची मालवणकडची. भिंतीला टेकून उभी होती.

"शिपाई कुठे ठेवलेस?"

"चोरले नाय मी."

"मग कोणी चोरले?"

ती दाराकडे बघू लागली.

"हे बघ, सूर्य मावळल्यावर बाईला अटक करत नाहीत. तेव्हा आज बोलली नाहीस तर उद्या सकाळी चाळीत गाडी आणीन. सगळे जिन्यात उभे राहून बघतील. मग तुला काम कोण देईल?"

तिचा चेहरा पांढरा पडला, पण तोंड उघडलं नाही. ठाण्यात मी पाहिलं होतं, चोरी केलेली बाई फार बोलते, शपथा घालते. ही बोलत नव्हती. आणखी एक दिसलं. तिने साहेबांकडे पाहिलं, दाराकडे, घड्याळाकडे पाहिलं. काकूंकडे मात्र एकदाही नाही.

न्हाणीघरात मी तिची झडती घेतली. चावी, रुमाल, रेल्वेचा पास. ती कानाशी म्हणाली, "माका नेवचा तर न्या गो, पण हयसून बेगीन चला." अटक व्हायची घाई झालेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

बाहेर हवालदार सांगत होते, "सगळं बघितलं साहेब. देवघर तेवढं राहिलं, पायात बूट आहेत."

"राहू दे. देवघरात काय असणार? चल बाई, ठाण्यात."

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. मी अनवाणी होते, म्हणून देवघराच्या उंबऱ्याशी गेले. पितळेचे देव चिंचेने लख्ख घासलेले. पुढे विळी, कात्री आणि आजोबांचा नट आवळायचा पाना, सगळ्यांना हळदकुंकू. बाजूला झेंडूचा मोठा ढीग. सकाळची सतरंजी माझ्या डोळ्यांपुढे आली. या घरात बंदुका असल्या तर त्या कुठल्या असतील?

आपणहून साहेबांशी मी कधी बोलले नव्हते. "साहेब," मी म्हटलं, "फुलं बाजूला करू?"

"नको!" कामवाली ओरडली.

फुलांखाली नऊ शिपाई होते. फुगलेले, फाटलेले, तारा बाहेर आलेल्या. प्रत्येक बंदुकीला कुंकवाचं बोट.

काकू मागून आल्या. "काल खंडेनवमी होती ना? मळले होते बिचारे. देवांबरोबर घासले."

कामवाली माझ्यावर उसळली. "तुमका कोणी बोलूक सांगितला? गेल्या म्हयन्यात काकूंच्या हातसून गॅस उघडो रवलो, तेव्हा काका फोनवर त्यांच्या मुलाला, दादाला म्हणाले, आणखी एक चूक झाली तर आईला आश्रमात ठेवू. म्हणून फुलं घातली मी वरून. आता झालं समाधान?"

आजोबांनी एक शिपाई उचलला, त्याचा हात गळून खाली पडला. आता ते काय करतील, याची मला भीती वाटली. ते काकूंकडे वळले.

"अकरा वर्षं हिला सांगत आलो, पाणी लावू नको," ते म्हणाले. "तुला सांगायचं राहूनच गेलं."

त्यांनी शिपाई होता तिथे परत ठेवला. कामवालीपुढे हात जोडले. ती तिकडे न बघता म्हणाली, "काकूंनी सकाळपासून काय खाल्लं नाय."

साहेबांनी ठाण्याच्या डायरीत लिहिलं, वस्तू घरातच मिळून आल्या, तक्रार नाही. मला शाबासकी दिली. मी ती घरी कुणाला सांगितली नाही. एक बाई माझ्यामुळे सुटली खरी, पण जिच्यासाठी ती उभी होती त्या काकू, मी तोंड उघडलं तेव्हा माझ्या मनातही आल्या नव्हत्या.

पुढे काही महिन्यांनी कामवाली दादरच्या फुलबाजारात दिसली. मी भीत भीत विचारलं, "काकू कुठे असतात?"

"घरीच. खय जातले?"

"आणि शिपाई?"

"देवात. काका रोज फूल वाहतात. पाणी शिंपडूक देत नायत." ती पहिल्यांदा हसली.

गप्प माणसावर ठाण्यात पहिला संशय जातो. मी स्वतः जन्मभर गप्प राहिलेली, तरी गप्प माणूस दुसऱ्या कुणाला सांभाळत असेल, हे मला त्या घरातच कळलं. तू काय लपवतेस, हे तिला सगळ्यांनी विचारलं. कुणासाठी, हे न्हाणीघरात आम्ही दोघीच होतो तेव्हा मी विचारायला हवं होतं.