दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं

ईशान, मीरा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी इतकी संथ कधीपासून झाली? आता शहात्तरावं लागलंय. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

मी आर्मीत नर्सिंग ऑफिसर होते. तेव्हा कॅप्टन. डोंगरातलं फील्ड हॉस्पिटल. पाचला उठणं, सहाला राउंड, साडेसातला रिपोर्ट. सुट्टीत हिंगणघाटला आले की जीव कावायचा. आपल्याकडे दारी आलेला माणूस आधी बसतो, पाणी पितो. "काय झालं?" म्हटलं की "काई नाई जी" म्हणतो. खरं काम दुसऱ्यांदा विचारल्यावर निघतं. माझी आई म्हणायची, "तुह्या घड्याळालेबी जरा पाणी पाज वं."

त्या दिवशी नऊ दहाला रेडिओ आला. "गाडी दरीत. अकरा कॅज्युअल्टी. वीस मिनिटांत पोहोचतो. ओव्हर."

जखमी अकरा, सर्जन एक, टेबल एक. कोणाला आधी घ्यायचं ते मी ठरवायचं आणि मनगटाला चिठ्ठी बांधायची. वन म्हणजे लगेच, थ्री म्हणजे थांबू शकेल. माणसामागे एक मिनिट.

अकरातला आठवा, शिपाई गजानन, चालत आला. रक्त नव्हतं. नाडी जलद, ती सगळ्यांचीच होती.

"गाव?"

"समुद्रपूरजवळ, मॅडम." म्हणजे आमच्या हिंगणघाटच्या शेजारचाच.

"कुठे दुखतंय?"

"काई नाई जी. आधी त्याले पाहा." त्याने शेजारच्या स्ट्रेचरकडे बोट केलं.

मी थ्री बांधली, त्याला बाकावर बसवलं आणि पुढे गेले.

नऊ पन्नासला असिस्टंट ओरडला, "मॅडम, बाकावरचा पडला!" पोट फळीसारखं कडक झालं होतं. रक्त आतल्या आत वाहत होतं. दहा वीसला तो गेला.

सर्जन म्हणाले, "तुम्ही नियमाने केलंत, कॅप्टन." चौकशीतही तेच लिहिलं गेलं. नियम करणारे हिंगणघाटचे नव्हते. मी होते.

निवृत्तीनंतर मी त्याच्या गावी गेले. त्याच्या आईला सगळं सांगितलं. तिने विचारलं,

"घाईत होत्या काय तुमी, बाई?"

"हो."

तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. उन्हं उतरेपर्यंत आम्ही दोघी ओसरीवर बसून राहिलो. तेव्हापासून मी दर महिन्याला जाते.

गजानन बावीस वर्षांचा होता. त्याची आई आता ब्याऐंशीची आहे. तिच्या घरात त्याचा भरतीच्या वेळचा एक फोटो आहे. रंग उडालाय. चेहरा ओळखू येतो.