नाक वर केलेला ट्रक

नगरमध्ये माझं टायरचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक आत येतं, इकडेतिकडे बघतं आणि विचारतं, "मालक कुठायत?" मी सांगते, जेवायला गेलेत, आणि टायर विकून मोकळी होते.

त्या उन्हाळ्यात शोभाचा फोन आला. ही माझी जुनी मैत्रीण बीडला कॉलेजात शिकवते, माहेर गेवराई तालुक्यात. दुष्काळात पाणी वाटायला तिच्या गावच्या सहकारी संस्थेनं लष्कराच्या लिलावातला एक जुना फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक घेतला होता, आणि तो नदीच्या वाळूत रुतायचा. संस्थेनं मोठे टायर मागवले होते. "आणि ट्रक पुढून वाकलाय," शोभा म्हणाली, "तो सरळ करायचं सामानही आण. टायर एकवेळ विसर, ते विसरू नको." टायरवालीला हे सांगणं जरा अतीच होतं, पण मी सामान टेम्पोत टाकलं आणि निघाले.

गावाचं नाव सांगत नाही. उमापूर आणि चकलांबा यांच्या मधे कुठेतरी आहे असं समजा. शेवगाव मागे पडलं तसं रान उघडं होत गेलं. शेतांत वाळक्या पऱ्हाट्या (कापसाची झाडं) आणि बांधाला बाभळी, बाकी नुसती ढेकळं. एका टपरीवर थांबले.

"डायवर कुठं गेला?" टपरीवाल्यानं विचारलं.

"समोर उभी आहे."

त्यानं मला नीट बघून घेतलं. "चहा मागा ताई, लागंल तेवढा देतो. पाणी तेवढं मागू नका."

गावात पोहोचले ती थेट संस्थेच्या चेअरमनकडे, म्हणजे आप्पांकडे. घर टेकाडावर. ट्रक अंगणातल्या चढावर उभा, तोंड घराकडे, पाठीवर पाण्याची टाकी, टाकीची तोटी मागच्या बाजूला. त्या तोटीखालीच मोसंबीची पाच-सहा झाडं होती आणि साऱ्या मुलखात दिसला नव्हता असा हिरवा रंग तिथे होता. आप्पांनी दोन मोसंब्या माझ्या हातात ठेवल्या. "दुष्काळाला म्हनलो, आमच्या दाराभाईर थांब." मी मनापासून हसले. माणूस गोड होता. मोठे टायर बघून तर लहान मुलासारखा खूश झाला.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयासमोर सपाटीला कामाला लागलो. ट्रक खरंच नाक जमिनीला लावून उभा होता. मी पुढचे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) खोलायला घेतल्यावर ड्रायव्हर बबन अस्वस्थ झाला. "पुढून कावून उचलता? बरा हाय की."

"मोठा टायर वळताना पत्र्याला घासेल."

हे खरंच होतं. त्यानं पाना पुढे केला. गंजलेले नट दुपारपर्यंत हलले नाहीत. एक हलला तेव्हा मीच मागे धुळीत बसले आणि बघायला जमलेल्या गावाचं तिकीट वसूल झालं. पाट्यांत एकेक जाड पट्टी वाढवली, टायर चढवले. ट्रक सरळ झाला की नाही हे गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीनं तपासलं. मोजून झाल्यावर आप्पांनी नळीतलं पाणी पुन्हा कळशीत ओतायला लावलं. थेंबाचीही काळजी घेणारा माणूस म्हणून मला त्यांचं कौतुक वाटलं.

मुक्काम शोभाच्या आईकडे होता, विहाराच्या मागे, गावाच्या शेवटच्या गल्लीत. शोभाही सुट्टीला आली होती. मावशींनी येसर आमटी (भाजून दळलेल्या धान्यमसाल्याची) आणि भाकरी वाढली. दारोदार निळे ड्रम उभे होते, वाजवले तर ढोलकीसारखे वाजतील इतके रिकामे.

"टाकी हितवर येती," मावशी म्हणाल्या, "पर पानी येत न्हाई. बबन म्हनतो, संपलं. मंग मैलभर विहिरीवर जावं लागतं. आता गुडघं न्हाई म्हनत्यात."

"मग मोठी टाकी घ्यायला हवी," मी म्हणाले. शोभानं माझ्या ताटात आणखी आमटी वाढली. ती हसत होती.

सकाळी ट्रक वाटपाला निघाला. आप्पा पुढे बसले, लग्नाच्या घोड्यावर बसावं तसे. गल्ल्या उरकत शेवटच्या गल्लीत आलो. बबन तोटीला हात न लावताच म्हणाला, "संपलं."

"उघड तर खरं," मावशी म्हणाल्या.

त्यानं उघडली आणि मनगटाएवढी धार पडली. एक ड्रम भरला. दुसरा भरला. बबन आप्पांकडे बघत होता आणि आप्पा टाकीकडे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्रक पुढून वाकलेला, तोटी मागे. उरलेलं पाणी टाकीच्या पुढच्या कोपऱ्यात साठायचं, तोटी कोरडी पडायची, आणि रिकामा समजलेला ट्रक आप्पांच्या चढावर नाक वर करून उभा राहिला की ते पाणी मागे तोटीशी यायचं. खाली मोसंबी होतीच.

"ताई, हे पानी आलं कुठून?" आप्पांनी हळूच विचारलं.

"टाकीतूनच, आप्पा. रोज असायचंच."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ट्रक पुन्हा वाकवा असं चारचौघांत म्हणता येईना. आप्पांनी घसा साफ केला. "म्हनूनच मी म्हनलो व्हतो, गाडी सरळ करून घ्या."

मी शोभाला बाजूला घेतलं. "मला आधी सांगायचं नाहीस?"

"तुझा चेहरा फार खरं बोलतो."

"मग संस्थेत तक्रार करायचीस."

"केली असती तर चौकशी समिती नेमली असती आप्पांनी. अहवाल पावसाळ्यात आला असता. टायरला कुणी समिती नेमत नाही."

मला वापरून घेतलं याचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट फार बरं वाटलं.

निघताना पिशवीतल्या मोसंब्या आठवल्या. त्या घेऊन जायची लाज वाटली, म्हणून मावशींपुढे ठेवल्या. त्यांनी एक सोलली, फोडी गल्लीभर वाटल्या आणि शेवटची माझ्या हातावर ठेवली.

"खा गं," त्या म्हणाल्या. "आपल्याच पान्याची हाय."

लई गोड होती.

आता दुकानात कुणी गाडी पुढून उचलून मागितली की मी आधी विचारते, तोटी कुठल्या बाजूला आहे? गिऱ्हाईक गोंधळतं, आणि पुन्हा मालकांची चौकशी करतं.