डोळे मिटून घालायचे बूट

इस्पितळाच्या तळघरात बूटकाकांची खोली होती. एक पाय आखूड असलेल्या मुलांना ते एका बुटाचा तळ जाड करून देत. असले बोजड बूट पाहून मुलं नाक मुरडत, म्हणून काकांनी वर्षानुवर्षं एकच युक्ती चालवली होती. बूट चढवताना ते सांगत, हे गोष्टीतले जादूचे बूट, आता बघ पायाला कशी भिंगरी लागते. आयांना ती नुसती बोलायची पद्धत वाटे. मुलांना काय वाटतं, हे काकांनी कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी एक आई सहा वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन पायऱ्या उतरली. लेकीच्या पायांत काकांचेच बूट होते. तळ अगदी कोरे.

“काका, ही बूट काढूही देत नाही आणि चालतही नाही,” आई म्हणाली. “दिवसभर पलंगावर डोळे मिटून बसते. डॉक्टरांनी तर बजावलंय, यंदा चालली नाही तर ऑपरेशन.”

काका चक्रावले. पोरीला स्टुलावर बसवून टोचतात का, जड होतात का, सगळं विचारून झालं. शेवटी पोरीनेच त्यांची कीव केली.

“जादूच्या बुटांत चालायचं नसतं. डोळे मिटून जागेचं नाव घ्यायचं. तेच नेतात.”

गोष्टीत तसंच होतं की! आता जादू खोटी म्हणावं तर ही बूट भिरकावणार, खरी म्हणावं तर जन्मभर बसून राहणार. काकांनी आईकडे पाहिलं. घोळ तुम्ही घातलाय, तुम्हीच निस्तरा, असा तिचा चेहरा.

“कुठे जायचंय तुला?” काकांनी वेळ काढायला विचारलं.

“लिफ्टकडे. बटण दाबायचंय.”

काकांनी डोकं खाजवलं. “बूट नवे आहेत गं. त्यांना लिफ्ट ठाऊकच नाही. जरा दाखवतेस?”

पोर बराच वेळ बुटांकडे बघत राहिली. मग स्टुलावरून उतरली आणि भिंत धरून, डुलत डुलत दाराबाहेर पडली. “इकडे वळायचं. लक्ष कुठंय?” ती बुटांना दटावत होती.

आई दारात थबकली. “एकदा दाखवून झाल्यावर पुन्हा बसली तर?”

“बूट मठ्ठ आहेत म्हणा,” काका पुटपुटले. “रोज दाखवावं लागेल.”

आई लेकीमागे धावली. आपण पहिली थाप सावरली की दुसरी मारली, हे काकांना काही केल्या कळेना.