टिंबाच्या नावाने लावलेला कौल

माझा स्वभाव संशयी. कोळणीने देवाची शपथ घेतली तरी सुरमईचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय मी ती पिशवीत घालत नाही. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासायला हिला ठेवली असती तर गोव्याहून एक बाटली इकडे आली नसती, असं माझा नवरा म्हणतो. अशा बाईने आपल्या घरातल्या गोष्टी अनोळखी माणसांना वाचायला का दिल्या, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

वीसेक वर्षं झाली असतील. नवरा बोटीवर, थोरले दीर मुंबईला नोकरीला, आणि मिठबावच्या घरात आम्ही दोघी जावा. नवऱ्याने एका सुट्टीत कॉम्प्युटर आणून दिला होता. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं; ते लावलं की फोन बंद. थोरली जाऊ, जिला मी वैनी म्हणायचे, दुपारी जेवून पडायची. म्हणजे पडते असं मी धरून चालले होते. तेवढ्या वेळात मी माझी डायरी लिहायचे.

ती साइट म्हणजे मराठीत डायरी लिहिणाऱ्यांचं एक गावच होतं. कुणा हौशी माणसाने ती काढली होती आणि तो स्वतःच्या पदराला खार लावून चालवत होता. तीस-चाळीस जण लिहायचे, सगळे टोपणनावाने. नागपूरची एक बाई शेजारणींची भांडणं लिहायची. बेळगावचे एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी कुणाच्या दारात कुठलं फूल आलं ते लिहायचे, आणि ते वाचायला आम्ही वेड्यासारखी वाट बघायचो. कुणी चार दिवस लिहिलं नाही की बाकीचे विचारपूस करायचे. खरं नाव आणि गाव मात्र कुणी कुणाला विचारायचं नाही, हा तिथला अलिखित नियम. तो नियम होता म्हणूनच माझ्यासारखी तिथे टिकली.

मी घरचंच लिहायचे. पेज, गोठा, काजूच्या बिया, आणि वैनी. वैनी तिथे माझ्यापेक्षा जास्त लोकप्रिय झाली. ती कोंबड्यांना घालून-पाडून बोलते ते मी लिहिलं, तर नागपूरची बाई म्हणाली, पुढच्या जन्मी मला ही जाऊ मिळू दे. बिचाऱ्या वैनीला याचा पत्ता नव्हता. मी तिला कॉम्प्युटर चालू करून पत्ते खेळायला शिकवलं होतं, त्यापलीकडे तिला काही येत नाही असं मी समजत होते.

मग एक दिवस एक प्रतिक्रिया आली. नावाच्या जागी नुसतं टिंब. मी लिहिलं होतं, की पेजेबरोबर सुकटाची चटणी होती. टिंबाने लिहिलं, 'सुकट नव्हतं. आठळ्यांची भाजी होती.'

खरंच त्या दिवशी फणसाच्या आठळ्याच होत्या. चटणी मी आपली पदरची घातली होती, लिहिताना चवदार वाटली म्हणून. पुढच्या खेपेला टिंब म्हणालं, वैनीचा पाय विहिरीवर नव्हे, गोठ्यात मुरगळला. मग आलं, 'खोकला गेला का?' माझ्या खोकल्याचं मी डायरीत एक अक्षर लिहिलं नव्हतं.

खरी भीती वेगळीच होती. दोन महिन्यांपूर्वी मी एक नोंद केली होती. नवरा सुट्टीवर आला की घरात परका माणूस आल्यासारखं वाटतं, त्याचे कपडे कुठे ठेवायचे ते सुचत नाही, आणि तो परत गेला की मी मोकळा श्वास घेते, असं. हे मी कुणाशी बोलले नव्हते. टिंबाने ती नोंद वाचली असली, आणि टिंब आपल्यातलंच असलं, तर ते नवऱ्याच्या कानावर जायला किती वेळ? माझा संसार त्या एका नोंदीवर येऊन थांबला होता. नोंद मी त्याच दिवशी पुसली. पण वाचणाऱ्याच्या डोक्यातली कशी पुसणार?

मग मी पाळत ठेवली. कॉम्प्युटरवर घालायच्या फडक्याला मी मुद्दाम उलटी घडी घातली. दुसऱ्या दिवशी ती सुलटी. टिंबाच्या प्रतिक्रिया एकाच दिवशी चार-पाच यायच्या, मग तीन-तीन आठवडे काही नाही. वैनी माहेरी बांद्याला जायची, आणि बांद्याच्या बाजारात इंटरनेटची दोन दुकानं होती. मी तारखा जुळवल्या. जुळल्या नाहीत त्या सोडून दिल्या.

तरी मन धजेना, म्हणून आमच्याकडे जे करतात ते केलं. देवळात जाऊन कौल लावला. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आमच्याकडे याच्यावर लग्नं ठरतात आणि जमिनीचे तंटे मिटतात.

"माझी डायरी कोणतरी वाचता," मी गुरवाला म्हटलं.

"मगे कपाटात ठेय आणि कुलूप घाल."

"कुलूप घातलेला आसा. तरीय वाचतत."

त्याने माझ्याकडे जरा बघितलं, आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या मनात संशय इलेलो आसा. तां काम घरातल्याच माणसाचा आसात तर उजवो कौल दी, भायल्याचा आसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

फार वेळ गेला नाही. उजवी पाकळी पडली.

"आजून काय इचारूचा आसा?" गुरवाने विचारलं.

"नको. समाजला माका."

घरात आम्ही दोघीच. आणखी काय विचारायचं होतं? मी तडक घरी आले. वैनी मागच्या दारी कोकमं वाळत घालत होती.

"वैनी, तुमी माझी डायरी वाचतास?"

"नाय. माका तुझा तां यंत्र चालू करूक येता, पत्ते खेळूक येतत. आणखी काय येता?"

"खोटा बोला नको. कौल लावून इलंय मी. देवान सांगल्यान."

तिने हातातली कोकमं सुपात ठेवली. "देवान माझा नाव घेतल्यान?"

तिसऱ्या दिवशी मी मागच्या पडवीत वेगळा गॅस मांडला आणि मधल्या भिंतीतलं दार लावून घेतलं. गावाने नेहमीप्रमाणे जमिनीवरून बिनसलं असं ठरवून टाकलं, आणि मीही ते खोडलं नाही.

साइटवर मी एक लांबलचक नोंद टाकली: सावध राहा, आपल्यात घरभेदी शिरलेत, तुमचंच माणूस तुम्हाला वाचत असेल. तशी माझी लेखणी तिखट. बाकीच्यांनी आपापल्या जुन्या प्रतिक्रिया उकरायला घेतल्या. नागपूरच्या बाईला सून वाचते असं वाटलं, तिने डायरीला पासवर्ड लावला. बेळगावच्या गृहस्थांनी फुलं लिहायचंच सोडलं, कारण कुणाचं दार ते ओळखता येतं. जो तो पासवर्ड मागू लागला आणि जो तो देईना. नंतर लोक फोनवरच्या नव्या साइटींवर गेले म्हणून आमचं गाव उठलं, असं जुनी मंडळी म्हणतात. मी ऐकून घेते. गाव त्याआधीच दारं लावून बसलं होतं, आणि पहिली कडी मी लावली होती.

टिंब मात्र त्या दिवसानंतर कधी उमटलं नाही. माझ्या लेखी हा पुरावाच झाला. पकडली गेली म्हणून गप्प बसली, असं मी सहा वर्षं मानत राहिले. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, आणि मी आपली ताठ.

सहा वर्षांनी साइट चालवणाऱ्याने कळवलं की आता झेपत नाही, बंद करतोय. प्रत्येकाला त्याने त्याचं सगळं लेखन एका फायलीत पाठवलं. प्रतिक्रियांसकट. प्रतिक्रिया देताना इमेलचा पत्ता भरावा लागायचा. तो साइटवर दिसत नसे, पण फायलीत होता. टिंबापुढचा पत्ता मला वाचावासुद्धा लागला नाही. बांद्याच्या दुकानात बसून तो मीच उघडून दिला होता, बोटीवर जाताना, नवऱ्याला.

बोट बंदराला लागली की तो चार-पाच नोंदी एकदम वाचायचा. घरातल्या माणसांत त्याला धरायचं मला सुचलंच नव्हतं.

तो तेव्हा सुट्टीवर होता. मी फाईल समोर ठेवली. त्याने टिंबापुढचा पत्ता वाचला.

"सुट्टीत कॉम्प्युटरार तुझी डायरी दिसलेली. फोनार तू काय सांगत होतंस? 'बरां आसा, तुमी जेवलास?' इतक्याच. थंय तू बोलत होतंस. म्हणान वाचत होतंय."

"आणि मी पुसलेला?"

"तांय वाचलंय."

"मगे वैनींवर आळ इलो तेव्हा कित्याक गप रवलास?"

"सांगलंय तर तू लिवचा बंद करतलंस, ह्या भ्या होता."

मला त्याचा राग आला, कीवही आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची लाज वाटली. मी तशीच उठून पलीकडे गेले. वैनी तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"माका त्याच दिवशी समाजला," ती म्हणाली. "फोन इलो की तो माका इचारी, काय रांदलास, तिचो खोकलो कसो आसा. मी सांगी. दुसरा कोण आसतला?"

"मगे माका सांगलास कित्याक नाय?"

"मी चोर नाय ह्या सांगूक दुसऱ्याचा नाव कित्याक होया? मी नाय म्हटलंय. तितक्यान पुरा होवक होया होता."

मी रडले. खूप रडले. तिने रडू दिलं. शेवटी मी म्हटलं, की वैनी, भिंतीतलं दार उघडूया, पुन्हा एकत्र रांधूया.

तिने सुपातले तांदूळ मुठीने मोजून टोपात टाकले.

"रागावलंय नाय गो मी," ती म्हणाली. "पन आता माका एकटीच्या अंदाजान भात घालूची सवय झाली."