दीड तास मागे

दिल्लीच्या ऑफिसात आमच्या सेक्शनमध्ये एक हेडक्लार्क होते. कुणाच्या प्रमोशनची बर्फी वाटली, की ते आपला तुकडा कागदात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवत. म्हणत, "घरी चौघांत होईल." सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बायको आणि दोन मुली होत्या.

त्यांची बहीण शारजाला असायची. तिच्या मुलीचं लग्न तिथेच ठरलं. चौघांची तिकिटं ती पाठवणार होती, पासपोर्ट तेवढे यांनी काढायचे होते. त्यांनी चार फॉर्म आणले, फीची चौकशी केली आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून दिले.

मी म्हटलं, "निदान तुमचा तरी काढा. तुम्ही मामा, नवरीला मांडवात तुम्हीच आणायचं."

"पोरींना मागे ठेवून? नाही यार," ते म्हणाले. "घशाखाली घास उतरायचा नाही."

बहिणीला त्यांनी कळवलं, रजा मिळत नाही. रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जात. त्यांचा अर्ज आलाच नव्हता.

लग्नाच्या दिवशी ते वेळेवर ऑफिसात आले. मनगटावरचं घड्याळ दीड तास मागे लावलेलं होतं, शारजाच्या वेळेवर. दुपारी त्यांनी त्यात एकदा पाहिलं, फाईल मिटली आणि खुर्चीमागे उभे राहिले. डावा हात किंचित पुढे धरलेला, शेजारून कुणाला तरी हळूहळू चालवत न्यावं तसा. मिनिटभर तसेच होते.

मग खाली बसले आणि घड्याळ पुन्हा दिल्लीच्या वेळेवर लावलं.