खुर्चीवरची पंगत

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माझं खो-खो थांबलं. चौकात उकिडवं बसलं की उजव्या जांघेत अशी कळ यायची, की ‘खो’ मिळूनही मी आपली तिथंच! फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, “खुब्याचं हाड सांध्याच्या कडेला घासतंय. खोल वाकणं बंद, रोज व्यायाम. तीन महिन्यांत नाही जमलं, तर ऑपरेशनचं बघू.” तीन महिन्यांनीच जिल्ह्याची निवड चाचणी होती.

ते दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. धायरीतल्या आमच्या गच्चीवर उताणं पडायचं, कंबर उचलायची, दहा मोजायचे, खाली. समोर धूसर सिंहगड, आणि खाली आमच्याच जुन्या वावरात आयटीवाल्यांसाठी सोसायटी उभी राहत होती. मोजता मोजता डोळा लागायचा. झोपेत पाठीमागून कुणीतरी ‘खो’ म्हणायचं आणि मी अलगद उठून धावत सुटायचे. जाग आली की कळ जागच्या जागी. असा संताप यायचा! चटई लाथाडायचे.

दीड महिना झाला तरी फरक शून्य. बाईंनी विचारलं, “जेवतेस कुठे?”

“खाली. मांडी घालून.”

“दोन्ही वेळा? पुढे वाकून?” त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं, मग मी इथे कशाला घसा कोरडा करतेय?”

त्याच आठवड्यात भावकीत लग्न होतं. पंगत बसली, मी भिंतीला टेकून उभी. थोरली चुलती म्हणाली, “अगं बया, पोरगी आत्ताच म्हातारी झाली का काय?” सगळे हसले. मला रडू फुटणार, तेवढ्यात वडील भरल्या पानावरून उठले. पानावरून उठलं तर लहानपणी तेच मला दटावायचे. त्यांनी मांडवातल्या दोन खुर्च्या ओढल्या, एकीवर बसले, ताट मांडीवर घेतलं.

“ये. माझं बी गुडघं दुखत्यात.”

त्यांचे गुडघे ठणठणीत होते. तेव्हापासून घरीही ते माझ्याबरोबर खुर्चीवरच जेवले, अवघडून, धोतरावर आमटी सांडत.

चाचणीला मी बाईंनी शिकवल्याप्रमाणे कंबर जरा वर ठेवून बसले. मागून ‘खो’ आला. उठले! कळ नव्हती. पण पायातला वेग गेला होता आणि यादीत माझं नाव आलं नाही.

बाहेर वडील उभे होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, “दुखलं का?”

“नाही.”

“मग आज मी खाली बसून जेवू का गं?”