कंदील विझला नव्हता

"यांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात बुरशी सापडलीय," मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बुरशी भाकरीला येते, लोणच्याला येते. माणसाच्या अंगात कशी जाईल?

त्यांनी नाव सांगितलं, क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस. म्हणजे मेंदूच्या आवरणाला झालेली बुरशीची लागण. आमचे मालक कॉटवर डोकं गच्च धरून पडले होते. "वाचतील न्हवं?" मी विचारलं. "प्रयत्न करू. पण जिवाला धोका आहे आणि नजरेलाही," त्या म्हणाल्या. इतकं रोखठोक बोलल्याचा मला तेव्हा रागच आला.

सुरुवात साध्या डोकेदुखीने झाली होती. मालक म्हणाले, पित्त आहे. मीही सुंठ उगाळून लावली. पुढे उलट्या सुरू झाल्या, एकाचे दोन दिसायला लागले. सांगलीत डोक्याचा सीटी स्कॅन केला, त्यात काही निघालं नाही. मग मिरजेला आलो आणि तिथे लंबर पंक्चर केलं, म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं.

"कबुतरं पाळता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. आम्ही पाळत नव्हतो. पण मला आमचं गोदाम आठवलं.

आम्ही हरिपूरचे. आमच्याकडे हळद पेवात ठेवतात. पेव म्हणजे जमिनीखालचं खोल कोठार. बंद पेवात कार्बन डायऑक्साइड साचतो, उतरलेला माणूस वर येत नाही. म्हणून झाकण काढून पेव उघडं ठेवायचं आणि मग दोरीने कंदील आत सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. मालकांचा जन्म यात गेला. कंदिलावर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा बायकोवरही नाही.

दुखणं सुरू होण्याआधी, उन्हाळ्यात, वर्षानुवर्षं बंद असलेलं हळदीचं गोदाम त्यांनी साफ करायला काढलं. आत कबुतरांच्या वाळक्या विष्ठेचा थर साचला होता. मालकांनी सवयीने आधी कंदील आत ठेवला. तो छान जळला. "हवा झ्याक हाय," म्हणाले आणि तोंडाला फडकंसुद्धा न बांधता दिवसभर झाडत बसले. भुवयांपर्यंत पांढरे होऊन घरी आले.

सगळं ऐकून घेतल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही बुरशी कबुतरांच्या वाळक्या विष्ठेत असते, झाडताना उडालेल्या धुळीतून ती श्वासाबरोबर आत गेली असणार." मग मोबाइलवर मणक्यातल्या त्या पाण्याचा, सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो दाखवला. काळ्या शाईत गोल गोल ठिपके आणि प्रत्येकाभोवती पांढरं कडं. ते कडं म्हणजे त्या बुरशीचं जाड कवच.

"बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड अगदी थोडा असतो," त्या म्हणाल्या. "आपल्या शरीरात त्याच्या शंभरपटीहून जास्त. कितीतरी बुरश्यांना ते झेपत नाही. हिला मात्र तो वाढलेला कळतो. ती त्याच्याशी जुळवून घेते आणि हे कवच जाड करते. मग शरीराच्या पहारेकऱ्यांना ती गिळता येत नाही. त्यात यांना संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू, म्हणजे पहारा आधीच ढिला."

मालकांनी डोळे न उघडता विचारलं, "म्हंजी कंदील इझंल अशा हवेत ती जगती?"

"जगते, आणि जोर धरते," डॉक्टरबाई म्हणाल्या. मालक भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एवढं खचलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अँफोटेरिसिन नावाचं औषध सलाइनमधून सुरू झालं. ते बुरशी मारतं, पण मूत्रपिंडावरही ताण आणतं. सलाइन लावलं की त्यांना अशी हुडहुडी भरायची की कॉट खडखडायची. रोज रक्त तपासायला जायचं आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचा, रिपोर्ट येईपर्यंत मी चहाही घेत नसे.

एका दुपारी ते हवेत हात फिरवायला लागले. "लाइट गेली काय गं?" खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी ओरडून डॉक्टरबाईंना बोलावलं. डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढून नजरेवर आला होता. डॉक्टरबाई धावत आल्या. पुन्हा कमरेत सुई, पुन्हा पाणी काढलं. "आता नजर परत येते का, ते बघायचं," एवढंच म्हणाल्या. मी मालकांचा हात धरून बसले. देवाकडे काय मागायचं तेही सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन घाईने कुंकू टेकवलं आणि त्यांच्यापुढे वाकले. ते बराच वेळ बघत राहिले.

"आवं, दिसतंय का काई?" मी विचारलं.

"कुंकू वाकडं लावलंयस," ते म्हणाले.

मी तिथेच रडले. डॉक्टरबाईंवरचा रागही त्याच दिवशी गेला.

आता आम्ही घरी आहोत. गोळ्या अजून बरेच महिने घ्यायच्या आहेत. तुमच्या घरी कुणाचं डोकं दिवसेंदिवस दुखत राहिलं, उलट्या झाल्या, तर माझ्यासारखी सुंठ उगाळत बसू नका. कबुतरांची घाण कोरडी झाडू नका. आधी पाणी मारा, नाक-तोंड नीट बांधा. स्टेरॉइड चालू असेल तर तिकडे फिरकूच नका.

मी रोज कुंकू लावून मालकांपुढे उभी राहते. अधूनमधून मुद्दाम वाकडं लावते. ते वैतागून म्हणतात, "सरळ कर की गं." मग मी कामाला लागते.